ओसरीचं माप

“आज सुभद्रा अजून कशी आली नाही?”

भैरवगीर बाबा ताक पीत विचारत होते, तेवढ्यात टेकडीखालच्या गावातून निरोप आला. सुभद्रा गेली. झोपेतच.

आदल्या दिवशी तिने मठाची ओसरी सारवली होती.

तेराव्यानंतर तिचा भाऊ दिगंबर टेप घेऊन वर आला. गावात कुणीही घर बांधायला काढलं, की विटा किती, वाळू किती, खर्च किती, हे त्यालाच विचारत. त्याचा अंदाज चुकत नसे, आणि ते तो सांगतही असे.

धुकं दाट होतं. पायऱ्या दिसत नव्हत्या. ओसरी नुसतीच तरंगत होती.

“अक्काच्या नावाने फरशी घालतो, बाबा. गुडघे धरून सारवायची ती.” त्याने टेप ओढला. “वीस फूट लांब, नऊ फूट रुंद. एकशेऐंशी चौरस फूट. दोन बाय दोनची शहाबादी, म्हणजे पंचेचाळीस. पन्नास रुपये फुटाने नऊ हजार. वाळू, सिमेंट, मजुरी वेगळी.”

“फुटतुटीला जास्त?”

“माझी फरशी फुटत नाही.”

“तुला भीत असेल,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी दिगंबरचा हात धरला आणि जमिनीवर टेकवला.

खाली बोटांच्या कमानी होत्या. एकीला लागून दुसरी, थेट भिंतीपर्यंत. दिगंबरची जाड बोटं त्यांत मावेनात.

त्याने टेप त्या कमानींवर धरला.

“इथे तीन बाय चार सोडू,” तो म्हणाला. “बारा फूट वजा. तीन फरश्या कमी लागतील.”

“एवढंच का?”

“इथले ठसे स्पष्ट आहेत.”

“आणि ते, खांबाजवळचे?”

दिगंबरने तिकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे. टेप हातातून सुटून आपोआप गुंडाळला गेला.

“मग फरशीच नको. कुणी पाय ठेवायचा नाही इथे. आहे तसं राहू दे.”

बाबांनी कडेचा एक पोपडा अलगद उचलला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यावर अर्धी कमान होती.

“सारवलं नाही तर हे असं,” बाबा म्हणाले. “महिन्याभरात सगळीकडे.”

“आणि सारवलं तर तिची बोटं पुसली जातील.”

“जातील.”

“मग मी राखू काय, बाबा?”

धुकं ओसरीवर आलं. दोघांना एकमेकांचे चेहरे नीट दिसेनात.

“एकशेऐंशी फुटांना शेण किती लागतं रे?”

“माहीत नाही.”

“मलाही नाही.”

बाबा उठले, आत गेले, आणि रिकामी बादली आणून त्याच्यापुढे ठेवली.

“आणायचं राहिलंय.”