मावंद्याचा गडू

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. पराक्रमी होता, ताठही होता. आपल्या कारंज्यांसाठी त्याने बांध घालून टेकाडवाडीचा झरा राजवाड्याकडे वळवला. वाडी तहानेने सुकली. तेव्हा वाडीतली जादूगारीण कंकाळी दरबारात आली आणि तिने राजकन्या कुमुदिनीला मानेपर्यंत दगड केले.

"उपाय सांग," राजा म्हणाला.

"तीन तीर्थे कर. शेवटच्या तीर्थावर क्षमा माग आणि तिथले पाणी गडूत भरून आण. मावंद्याला ते लेकीवर शिंपड."

राजा अनवाणी निघाला. पहिल्या तीर्थाला आगीची नदी आडवी आली, ती तो पोहून गेला. दुसऱ्या तीर्थावर सात फण्यांचा नाग होता, त्याला त्याने प्रश्नोत्तरांत हरवले. तिसऱ्या तीर्थावर प्रदक्षिणा घातली, कान धरले आणि म्हणाला, "देवा, काही चुकलं असेल तर क्षमा कर." मग गडू भरून त्याचे तोंड लाखेने बंद केले आणि घर गाठले.

मावंदे म्हणजे यात्रा पार पडल्याचे जेवण. सारी प्रजा पंगतीला बसली. पुरोहिताने लाख खरवडली, निघेना. लोहाराने घाव घातला, हातोडाच मोडला. हत्तीने पाय दिला, तोच कळवळला.

मांडवावरची साळुंकी म्हणाली, "महाराज, 'असेल तर' कशाला म्हणालात?"

"क्षमा मागायची रीतच आहे तशी."

"नकळत चुकलेल्याची आहे ती. झरा तुम्ही कळून वळवलात."

राजा लाल झाला. राजा बोले दळ हाले, अशा माणसाने भरल्या पंगतीत कान कसे धरावेत? त्याने लेकीकडे पाहिले.

कुमुदिनी म्हणाली, "आबासाहेब, मी दगड राहीन. पण माझ्यासाठी खोटी क्षमा मागू नका."

काय पोर होती! राजाचा ऊर भरून आला. तो पंगतीच्या टोकाला, टेकाडवाडीच्या पानांपुढे गेला. कंकाळीसमोर त्याने कान धरले.

"झरा मी वळवला. वाडी तहानेनं मरेल हे मला ठाऊक होतं. मी चुकलो."

गडूची लाख आपोआप गळून पडली. पाणी शिंपडताच कुमुदिनी उठली, पण पानावर बसली नाही. कुदळ घेऊन बांध फोडायला निघाली. राजाने दुसरी कुदळ घेतली. पाणी वाडीत पोहोचले, मगच भात वाढला गेला.

कंकाळीने पहिला घास घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, आपला राजा."

लेक सुटली, वाडीची तहान फिटली, कहाणी पोटभर जेवून उठली.