नमुना बेचाळीस आणि पार्बताबाईंची वाटी

एकदा एक वाटी प्रवासाला निघाली. स्टीलची, काठाला पोचा पडलेली, नवी घ्यायची तर कोणाही बोहारणीकडे जुन्या साडीवर मिळेल अशी. ती मांडीवर धरून एसटीच्या खिडकीशी बसले होते एक वयोवृद्ध संशोधक, ज्यांच्या हाताखाली अठरा जण डॉक्टर होऊन बाहेर पडले होते. मागे प्रयोगशाळेत त्यांचे शिष्य पोट धरून हसत होते. हसू येणारच हो. मी ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा मीही हसलो होतो.

या वृद्ध आचार्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. धान भरडले की तांदूळ माणसाच्या ताटात जातो आणि कोंडा जातो गुरांपुढे, भिजला तर थेट उकिरड्यावर. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे फार कौतुक. सरांना तो मांडा खरोखरीच करायचा होता. कोंड्यात लोह असते, परंतु ते कुलपात बंद असल्यासारखे असते. खाल्ले तरी अंगी लागत नाही. ते कुलूप उघडते विकर, म्हणजे आपण ज्याला एन्झाइम म्हणतो ते, आणि काही बुरश्या हे विकर तयार करतात. अशी बुरशी शोधावी, तिच्याकडून विकर घ्यावे, गाळून शुद्ध करावे, ताज्या कोंड्यावर त्याची प्रक्रिया करावी आणि त्या कोंड्याचे पीठ अंगात रक्त कमी असलेल्या मुलांच्या मुखी पडावे, एवढा सरांचा ध्यास.

हे काम त्यांनी सोपवले होते हेमलता कापगते या विद्यार्थिनीवर. मुलगी हुशार, कष्टाला वाघीण, फक्त जरा घाईची. खेडोपाडीच्या साठ भातगिरण्या तिने पालथ्या घातल्या, मागच्या अंगणातला कुजका कोंडा गोळा करून आणला. त्यातल्या एका नमुन्यात हवी ती बुरशी सापडली. वहीत तिने लिहिले, ‘नमुना बेचाळीस’. बस्स, तेवढेच. कोणाचे अंगण, कोणते गाव, काही नाही.

आता वाटीचे सांगतो. हा नमुना मिळाला त्या गिरणीत पोचेपर्यंत हेमलताजवळच्या बाटल्या संपल्या होत्या. गिरणीवाल्या बाईंनी घरातली वाटी आणून दिली, “ने पोरी, यात ने.” वाटी प्रयोगशाळेत आली, कोंडा काढून झाला, आणि पुढे तिच्यात टाचण्या पडल्या. काही महिन्यांनी सरांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी टाचण्या काढून वाटी उलटी केली. तळाशी नाव कोरलेले होते: पार्बताबाई शहारे, पिंपळटोला.

“ही वाटी इथे कशी?”

“नमुना बेचाळीस त्यातून आणला होता, सर.”

“परत नाही केलीस?”

“एवढीशी वाटी, सर! राहून गेलं.”

नव्या विकराने तयार झालेले पहिलेवहिले पीठ सरांनी वाटीत भरले, वर कागद घालून दोरा बांधला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. अडीच तास जायला, अडीच तास यायला. आणि गंमत अशी, की संध्याकाळी ते परतले तेव्हा वाटी त्यांच्या हातातच होती, वाळलेल्या मोहफुलांनी भरलेली.

“गेले होते परत करायला!” एक शिष्य हळूच म्हणाला आणि सगळ्यांनी हसू लपवायला तोंडे फिरवली.

पुढच्या वर्षी तोच दिवस, तीच एसटी. वाटीतून पीठ गेले, चिंच आली. तिसऱ्या वर्षी पोहे आले. हेमलताला मनातून वाईट वाटे. एवढा ज्ञानी माणूस, आणि एका वाटीपायी हे काय चालवले आहे! तिने एकदा धीर करून म्हटलेही, “सर, कुरिअरनं पाठवू या ना.” सर नुसते हसले.

चौथ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून हेमलता परतली तो काय, बुरशीच्या जपून ठेवलेल्या नळ्यांचे शीतकपाट वीज जाऊन दोन दिवस बंद पडलेले. त्या नळ्यांतून काही उगवेना. रोजच्या वापरातली बुरशी होती, परंतु बशीतून बशीत घालून घालून ती आळशी झाली होती. वाढे भरपूर, विकर मात्र देईना. सगळ्या नळ्या एकाच कपाटात ठेवायची चूक हेमलताची स्वतःची. आणि तीन आठवड्यांवर रक्त कमी असलेल्या चाळीस मुलांना चाचणीदाखल पीठ द्यायला सुरुवात व्हायची होती. कित्येक खेटे घालून मिळवलेली परवानगी तेवढ्याच मुदतीची. चार वर्षांचे काम आणि त्या मुलांच्या तोंडचा घास, दोन्ही एकदमच जाऊ पाहत होते.

ती सरांसमोर उभी राहिली आणि तिला हुंदका आवरेना. “सर, सगळं संपलं.”

सरांनी तिला पाणी दिले. मग विचारले, “घरचं विरजण नासलं तर तुझी आई काय करते?”

“शेजारी वाटी घेऊन जाते.”

“मग ऊठ. वाटी घे.”

दोघे पिंपळटोल्याला उतरले. गिरणीमागे पोचताच हेमलता इकडेतिकडे पाहू लागली. उकिरड्याची जागा स्वच्छ झाडलेली, वर सडा घातलेला.

“या जी गुरुजी, बसा!” पार्बताबाई लगबगीने बाहेर आल्या. “उकिरडा पाहता का? तो गेला जी. सफाईवाले आले, ट्रॅक्टर लावून सारा उचलून नेला.”

हेमलता ओट्यावर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

“अवो पोरी, कायले रडतेस? ये इकडं.” बाईंनी तिला हाताला धरून गोठ्याच्या आडोशाला नेले. तिथे एक फुटका माठ होता, वर ओले पोते. पोते बाजूला केले तर आत कुबट वासाचा, बुरशीने माखलेला कोंडा. “हा तेवढा वाचवला मी. सून म्हणे, आई, घाण कायले सांभाळता? मी म्हटलं, बाई, गुरुजी दरसाल येतात अन् आल्याबरोबर विचारतात, पार्बताबाई, कोंडा कसा आहे? माह्या पोराची बी इतकी विचारपूस कोणी करत नाही. मंग फेकू कशी? मुठीनं नवा कोंडा घालते, पाणी शिंपते. जगून आहे बिचारा.”

हेमलता माठाशी वाकली होती. मागे वळली आणि तिने बाईंचे पायच धरले. बाई गोंधळल्या. “अवो, कोंडाच तर आहे!”

परतीच्या एसटीत दोघे शेजारी बसले. मांडीवरच्या वाटीत आता तोच कोंडा होता. मग सर म्हणाले, “हेमलता, तू नमुन्याला क्रमांक दिलास, ते शास्त्राला धरूनच होतं. पण क्रमांकाकडे परत जाता येत नाही, बाळ. परत जाता येतं ते माणसाकडे. कृतज्ञता म्हणजे समोरच्यावर उपकार नव्हेत. जिथून मिळालं तिथली वाट आपल्या पायांखाली राहावी, एवढ्यासाठी ती असते. मी वाटी द्यायला जात होतो असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. मी वाट मोडू नये म्हणून जात होतो.”

आठव्या दिवशी परीक्षानळीत निळा रंग उमटला. कोंड्यातले कुलूप पुन्हा उघडू लागले होते. ठरलेल्या दिवशी चाळीस मुलांना पीठ मिळाले. एका चिमुरडीने तर आपली वाटी चाटूनपुसून ‘आणखी’ म्हटले.

त्या रविवारी सकाळच्या एसटीत वाटी होती, पण सर नव्हते. या वेळी हेमलता आपण होऊन एकटीच निघाली होती. जाण्यापूर्वी तिने वहीचे ते जुने पान काढून ‘नमुना बेचाळीस’च्या पुढे लिहिले होते: पार्बताबाई शहारे, पिंपळटोला.

बाईंनी पीठ डब्यात ओतून घेतले, वाटी विसळली, पदराने पुसली. हेमलता मनात म्हणाली, झाले, पोचली एकदाची घरी. तेवढ्यात बाई आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा वाटीत काठोकाठ नवे तांदूळ होते.

“मावशी, आता राहू द्या ना ही वाटी इथंच!”

“अवो, लेकीच्या हाती रिकामी वाटी देतात का कोणी?”

हेमलताने दोन्ही हात पुढे केले. ही वाटी कधीच परत होणार नाही, हे तिला तेव्हा कळले, आणि कळून फार बरे वाटले.

वाचकहो, आपल्याही फडताळात कोणाची तरी वाटी असेल. एकदा उलटी करून तळाचे नाव वाचा.