फक्त बांधायचा उरलेला रथ

"उडता रथ पाहिजे! येत्या दसऱ्याला! नाहीतर दुसऱ्या दिवशी तुझं बिऱ्हाड राज्याबाहेर!"

उग्रसेन महाराजांचा हुकूम ऐकून राजसुतार म्हादबानं कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं त्यानं गाड्या केल्या, रथ केले, पाळणे केले. त्यातलं एकही कधी उडालं नव्हतं, आणि उडू नये म्हणूनच तर लोक त्याच्याकडे येत!

झालं होतं असं. महाराज रोज रथातून आमराईत जात. वाट अशी, की खड्ड्यांत रस्ता शोधावा लागे. एके दिवशी रथ आदळला, महाराज टुणकन उसळले आणि पांढराशुभ्र फेटा चिखलात! रस्ता दुरुस्त करावा, असं कुणीतरी चुकून बोलून गेलं. महाराज कडाडले, "रस्त्यावरून काय, गाढवंही चालतात! त्यात आमचं वेगळं काय राहिलं?"

नेमका तेव्हाच परगावचा विमानपंडित चक्रपाणी दरबारात हजर झाला. काखेत चित्राचं भेंडोळं. चित्रात महाराज रथातून ढगांमधून चाललेले, शेजारी एक मोरही.

"रथ तयारच आहे महाराज," पंडित म्हणाला, "फक्त बांधायचा उरलाय!"

हेच वाक्य तो याआधी तीन राज्यांत बोलून आला होता, पण इथं ते कुणाला ठाऊक? नऊच्या नऊ सरदारांनी तिथल्या तिथं आपापले रथ सांगून ठेवले. बांधायचं लचांड तेवढं चित्रासकट म्हादबाच्या गळ्यात पडलं.

म्हादबानं अन्न सोडलं. लेक सगुणा रंधा खाली ठेवून म्हणाली, "बाबा, जेवा. उपाशी माणूस हलका होतो खरा, पण तेवढ्यानं उडत नाही."

"थट्टा सुचतेय तुला! या पडवीत तुझी आई नांदली गं. ही सोडून कुठं जाऊ मी?"

सगुणाला गलबलून आलं. तिनं भाकरी बापापुढं सरकवली. "कुठंही जायचं नाही. ते चित्र द्या इकडं." तिनं चित्र सरळ पाहिलं, उलटं पाहिलं. पंख होते, मोर होता, ढग तर भरपूर होते. बराच वेळ पाहून ती खुदकन हसली.

दसऱ्याला राजवाड्याच्या अंगणात म्हादबाचा रथ उभा राहिला, कापडानं झाकलेला. महाराज आले. मागून नऊ सरदार आले, प्रत्येकाच्या गालात विडा. या मंडळींना इकडंतिकडं न पाहता पिंक टाकायची मोठी हौस. त्यांचे रथ गेले, की कडेच्या भिंती लाल!

"कुठाय रथ?"

"तयारच आहे महाराज," सगुणा म्हणाली, "फक्त उडायचा उरलाय!"

पंडितानं मान डोलावली. वाक्य त्याला घरचंच वाटलं.

"मग उडव की!"

"उडवते! पण आपल्याकडची रीत आहे. नव्या गाडीतून पहिली फेरी ती घडवणाऱ्या सुताराची. हाड मोडायचं तर त्याचं मोडावं, धन्याचं नको. तेव्हा आधी बाबा वर जाणार."

"जाऊ दे!"

"पण महाराज, आपल्या डोक्याच्या वर कुणाचं डोकं दिसू नये, असा आपलाच हुकूम आहे. स्वारी जाताना गोंदा छप्पर शाकारत होता, तर त्याला महिनाभर कोठडी झाली. बाबा तर ढगात जाणार!"

महाराजांनी मिशी चावली. "आम्ही बुरुजावर चढतो!"

"रथ बुरुजाच्याही वर जाईल. नाही गेला तर तो उडता कसला?"

"मग आम्हीच पहिले बसतो!"

"बसा की!" सगुणानं नारळ पुढं केला. "फक्त पंडितजींना एवढं विचारा, वर गेलेला रथ खाली कसा येतो?"

पंडित चाचरला. "उतरण्याचं चित्र... पुढच्या दसऱ्याला!"

महाराजांनी टाकलेलं पाऊल हळूच मागं घेतलं. पण हट्ट कसला सुटतोय! "तो हुकूम रद्द! आजपासून कुणीही आमच्या डोक्यावरून जावं! म्हादबा, बस रथात!"

म्हादबा लेकीच्या मागं सरकला. महाराज आपलाच हुकूम मोडतील, हे सगुणानं धरलंच नव्हतं! इतक्यात एका सरदारानं पच्चकन पिंक टाकली, ती थेट रथाच्या चाकावर.

सगुणानं चाकाकडं पाहिलं आणि हात जोडले. "जशी आज्ञा! पण एकच शंका, महाराज. आज बाबा उडाले, की उद्या सरदारांचे नऊ रथ उडणार. आज यांची पिंक जमिनीवर पडते. उद्या हे आभाळात आणि आपण खाली! आपणही उडालात, तरी नवांतला एखादा आणखी वर असणारच. त्याला अडवणारा हुकूम तर आत्ताच रद्द झाला!"

महाराजांनी आभाळाकडं पाहिलं. मग त्या फुगलेल्या नऊ गालांकडं पाहिलं. त्यांचे दोन्ही हात आपसूक फेट्यावर गेले.

आणि ते हसायला लागले! पोट धरधरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सरदारही हसले असते, पण तोंडं भरलेली होती.

"पोरी, कापड तरी काढ! काय केलंयस बघू दे."

कापडाखाली मुरमानं भरलेली साधी गाडी निघाली. वर एक धुमसही होता, जमीन ठोकायचा.

"अशा शंभर गाड्या आमराईच्या वाटेवर रिकाम्या करा महाराज. पोटातलं पाणी हलणार नाही. गाढवं चालतील तेवढी मात्र चालू द्या!"

महाराज पुन्हा हसले. गळ्यातला कंठा त्यांनी सगुणाच्या हातात ठेवला, म्हादबाची पडवी त्याच्या नावे कायमची करून दिली आणि त्या रस्त्याची मुकादम म्हणून सगुणालाच नेमलं. तिच्या हाताखाली पहिला गडी दिला विमानपंडित चक्रपाणी, डोक्यावरच्या घमेल्यासकट.

आठ दिवसांनी महाराजांनी रथ थांबवून विचारलं, "काय पंडित, रस्ता कुठवर आला?"

पंडितानं घाम पुसला. "तयारच आहे महाराज! फक्त बांधायचा उरलाय!"