सात नारळांची वेणी

चूक बापाची होती. हे आधीच ऐकून ठेवा. कारण त्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल, तर ते सांगतील की चूक मोटेच्या चाकाची होती. चाकाला तोंड नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणं सोपं.

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठी ते गाव होतं, आणि गावाची एक रीत होती. दर वर्षी जत्रेत पाच म्हातारे देवळासमोर बसायचे आणि वेताच्या काठीने गावातल्या पोरींच्या वेण्या मोजायचे. जिची वेणी सगळ्यांत लांब, तिच्या बापाला देवाचा पहिला नारळ. आणि पोरीला काय? पोरीला काही नाही. तिला वेणी होतीच की!

या बापाने लागोपाठ सहा वर्षं नारळ आणला होता. सहाच्या सहा नारळ त्याने घराच्या आढ्याला टांगले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करून ते बघावेच लागत.

त्याच्या लेकीला आई नव्हती. केस धुवायचा दिवस आला की तिचा अख्खा दिवस जायचा. शिकेकाई कुटा, पाणी तापवा, केस धुवा, गुंता सोडवा, उन्हात पाठ करून बसा. तरी संध्याकाळपर्यंत मुळं ओलीच. मान तर रोजच दुखायची. आणि एवढं करून ती वेणी तिला शोभत होती म्हणाल, तर तेही नाही. निमुळता चेहरा, त्यावर मागे ताणून बसवलेले केस. आधीच मोठं असलेलं कपाळ आणखी मोठं दिसायचं.

नदीपलीकडे तिची आत्या राहायची. तापात आत्याचे केस गेले होते. पुन्हा आले तेव्हा तिने ते मानेच्या खाली वाढूच दिले नाहीत. एकदा लेकीने तिला विचारलं, "आत्या, मला काय शोभेल गं?"

आत्याने तिची हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे वळवला. "मानेला टेकतील एवढेच ठेव. कानापाशी थोडे सोड, म्हणजे गाल भरल्यासारखे दिसतील. भाकरी होईस्तोवर वाळतील. पण तुझ्या बापाला विचार हो. नाहीतर माझ्या नावाने खडे फोडत बसेल."

लेकीने विचारलं. बाप पारावर बसला होता, शेजारी ते पाच म्हातारेही होते.

"आबा, मी केस कापू का? कामात आडवे येतात."

म्हातारे असे हसले, जणू पोरीने नाक कापायची परवानगी मागितली होती.

"काम तर आमच्या आयांनीही केलं," एकजण म्हणाला. त्याच्या आईने काय केलं, ते त्याने बसल्या जागेवरून पाहिलं असेल तेवढंच.

"पोरी, वेणी म्हणजे घराची अब्रू," बाप म्हणाला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता.

जत्रा चार दिवसांवर आली. बाप बैल हाकत होता. बैल उतारावरून खाली गेले की विहिरीतून भरलेली मोट वर यायची, आणि लेक चाकाजवळ वाकून ती पाटात ओतायची. त्या दिवशी ती वाकली आणि डोक्याला बांधलेली वेणी सुटली. शेंडा चाकाच्या कण्यात गेला. चाकाने वेणी गुंडाळायला सुरुवात केली, तसं तिचं डोकं लाकडाकडे ओढलं गेलं. तिने चाकात हात घालून ते अडवलं आणि ओरडली.

बापाने बैल थांबवले आणि तो धावत आला. त्याच्या कमरेला विळा होता.

"आबा, कापा!"

बापाने विळा काढला. वेणीकडे बघितलं. आणि विळा परत खोचला.

"थांब जरा. चार दिवसांवर जत्रा आहे. एकेक पेड सोडवतो मी."

"आबा, मोट भरलेली आहे. बैल मागे येतील!"

"हलू नकोस. केस तुटतील."

त्याने खरंच सगळी वेणी सोडवली, एक केस न तोडता. पण शेवटचा पेड निघता निघता ओल्या उतारावर बैलांचे पाय घसरले. मोट खाली गेली, चाक उलटं फिरलं, आणि लेकीच्या उजव्या हाताची तीन बोटं चाकात राहिली.

जत्रेत वेणी मोजली. गेल्या वर्षीपेक्षा ती चार बोटं जास्त भरली. लेकीच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. पाचांपैकी एकाने त्याकडे पाहिलं आणि बापाच्या पाठीवर थाप मारली. "हात काय, पदरात झाकता येतो. वेणी दिसते." असल्या माणसांना तिथे शहाणे म्हणत.

दुसऱ्या दिवशी लेक केस मोकळे सोडून बापासमोर बसली. "माझ्याने आता वेणी घालवत नाही. तुम्ही घाला."

"हे बाईमाणसाचं काम," बाप म्हणाला आणि सातवा नारळ टांगायला शिडीवर चढला.

तो उतरेपर्यंत ती नदीपार गेली होती. आत्याने केस मानेपर्यंत कापले, कानापाशी थोडे सोडले. लेकीने डावा हात डोक्यावरून फिरवला. दोनदा फणी मारली, झालं. घंगाळाच्या पाण्यात तिने स्वतःला पाहिलं. ती छान दिसत होती. हे तिला आजवर कुणी कळूच दिलं नव्हतं.

महिनाभराने बाप आला. दारातच म्हणाला, "झालं ते झालं. चल घरी. केस काय, पुन्हा वाढतील."

"केस वाढतील, आबा," ती म्हणाली आणि उजव्या हाताने दार लोटलं.

पुढच्या जत्रेत पहिला नारळ दुसऱ्याच बापाला गेला. मोटेवर माणूस नव्हतं, म्हणून मळा वाळला. आढ्याचे नारळ त्याने एक दिवस फोडून पाहिले. सगळे आतून सडले होते.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या डोक्यावर आपली अब्रू वाढवू नये, ज्याचे केस त्यालाच कापू द्यावेत.

बापाला सात नारळ मिळाले आणि लेक गेली.