पाणपोईकडे पाठ

कुणीतरी सतत आपल्या खांद्यावरून डोकावत असते. आपण काय शोधतो, कुठे थबकतो, कोणते पान घाईघाईने मिटतो, हे सारे टिपून ठेवते आणि वर म्हणते, तुमच्याच सोयीसाठी! शेजाऱ्याने आपल्या खिडकीतून असे डोकावले असते, तर आपण त्याला चौकात उभे करून जाब विचारला असता. इथे मात्र आपण 'मान्य आहे' या शब्दांवर बोट दाबतो आणि पुढे जातो. डोकावणाऱ्याला लाज उरलेली नाही, आणि आपल्याला सवय झाली आहे.

एकदा एका मुलीला मात्र याची लाज वाटली. तिचे नाव शलाका. सोलापुरात पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्याने घेऊन तिने आणि तिचा महाविद्यालयातला मित्र इम्तियाज याने तीन वर्षे खपून एक नवा ब्राउझर तयार केला. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवर जातो ते दार. दारे बाजारात पुष्कळ होती, पण बहुतेकांना आतून डोळा होता. या दाराला डोळा नव्हता. कोण आले, किती वेळ थांबले, काय वाचले, यातले काहीही शलाकापर्यंत पोहोचणार नव्हते. तसे वचन तिने पहिल्याच पानावर लिहिले, ब्राउझरला 'झरोका' असे नाव दिले आणि पाडव्याच्या सकाळी तो सर्वांसाठी खुला केला.

पहिल्या दिवशी त्रेसष्ट पत्रे आली. इम्तियाज ती मोठ्याने वाचू लागला. खाली गिरणी चालू होती, त्यामुळे त्याला ओरडूनच वाचावे लागत होते.

"'मागे जायचे बटण एवढे बारीक का? तुमच्या घरात म्हातारी माणसे नाहीत का?'"

"मोठं करू," शलाका म्हणाली.

"'रंग कुणी निवडला? दवाखान्यात बसल्यासारखे वाटते.'"

"तू निवडलास."

"मी निवडला, पण तू हो म्हणालीस. पुढचं ऐक. 'उघडल्यावर वाटले, बिघडलेला दिसतो. मग लक्षात आले, जाहिराती नाहीत.' हा माणूस आपला! आणि हे अक्कलकोटचे एक गुरुजी: 'सुरू व्हायला अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात माझा चहा उतू गेला. भरपाई कोण देणार?'"

शलाका हसली. दुसऱ्या दिवशीही हसली. कुणी लिहिले, छान आहे, पण माझा जुनाच बरा. कुणी लिहिले, हे सगळे फुकट देता म्हणजे यात काहीतरी काळेबेरे असणारच. एका पत्राला नाव नव्हते, नुसत्या दोन ओळी होत्या: 'माझ्या आजाराचे नाव आज पहिल्यांदा पूर्ण टाइप केले. आभार.' त्यात सुधारण्यासारखे काही सापडेना, म्हणून इम्तियाजने ते 'इतर' या कप्प्यात टाकले.

सहाव्या दिवशी चार पत्रे आली. नवव्या दिवशी एक. त्यानंतर काहीच नाही.

टीका सोसता येते, कारण टीकेला समोर माणूस असतो. या शांततेला तोंडच नव्हते. लोक झरोक्यात सुखाने वावरत होते म्हणून गप्प होते, की केव्हाच निघून गेले होते? दुसऱ्या कुणी हा ब्राउझर केला असता, तर त्याने एक कळ दाबून पाहिले असते. शलाकाने ती कळ स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. सकाळी उठली की ती टपाल उघडे, मिटे, पुन्हा उघडे. रस्त्याने कुणी मोबाइलमध्ये डोके घालून चालले असले की तिची नजर नकळत त्याच्या पडद्याकडे वळे, आणि वळली की तिचीच तिला शरम वाटे.

"प्रोग्राममध्ये एक ओळ घालू," महिन्याभराने इम्तियाज म्हणाला. "नाव नाही, गाव नाही. कुणी झरोका उघडला की आपल्याला नुसती टिचकी ऐकू येईल. कुणी आहे एवढं कळेल, बस."

"आणि वचन?"

"अगं, नाडी बघणं म्हणजे काय खिसा कापणं आहे का?"

ती ओळ शलाकानेच लिहिली. लिहिताना तिला वाटले, नुसती टिचकीच कशाला? कुठून आली हेही कळले तर? किती वेळ थांबली, हेही? एका ओळीच्या सात ओळी झाल्या. सुधारलेली आवृत्ती सोमवारी संध्याकाळी लोकांकडे जायची होती. सोमवारी सकाळी ती बार्शीच्या एसटीत बसली. कुणीतरी 'कर' म्हणावे, एवढेच तिला हवे होते. ते म्हणण्याचा अधिकार तिच्या मते एकाच माणसाला होता.

ते तिचे गणिताचे सर. शलाकाने संगणकाला पहिला हात लावला तो त्यांच्याच वर्गात. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गावाच्या तिठ्यावर पाणपोई घातली होती. पाडव्याला ती सुरू होई आणि मृग नक्षत्राला मिटे. वडाखाली वाळूत तीन रांजण, त्यांवर ओली गोणपाटे, लाकडी झाकणे, आणि झाकणांवर पितळी पेले.

शलाका उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सर पाणपोईला होते, पण विचित्र तऱ्हेने. रस्त्याकडे आणि रांजणांकडे पाठ करून, वडाच्या बुंध्याकडे तोंड करून ते एका पोत्यावर बसले होते आणि चिंचा फोडत होते.

"सर."

"आवाजावरून शलाका," ते न वळता म्हणाले. "आधी पाणी पी. मग इकडे येऊन बस. माझ्यासारखीच बस."

ती पाणी प्यायली. गार पाणी छातीतून उतरताना तिला कळले, की सकाळपासून आपण काही प्यायलोच नाही. एक पेला झाला, दुसरा झाला, तिसरा अर्धा हनुवटीवरून ओघळला. मग ती सरांशेजारी बसली आणि तिने सगळे सांगितले: पत्रे, शांतता, सात ओळी.

सर ऐकत होते. मागे एक मोटारसायकल थांबली. झाकण सरकले. कुणीतरी घटाघटा प्याले, ढेकर दिली आणि मोटारसायकल निघून गेली. सरांनी मान वळवली नाही.

"कोण आलं होतं ते बघत पण नाही तुम्ही?"

"नाही."

"का?"

"पहिल्या वर्षी बघत होतो." सरांनी एक चिंचोका बाजूला टाकला. "नुसता बघत नव्हतो. वही घेऊन बसत होतो. गणिताचा मास्तर ना मी! किती माणसं आली, कुणी किती पेले प्याले, कोणत्या वेळी. आलेखाच्या कागदावर रेघ काढायचो. आणि रेघ रोज खाली. मला वाटलं, पाण्यातच खोट आहे. वाळा टाकला. गूळ ठेवला. रेघ आणखी खाली. माणूस यायचा, एक पेला शिस्तीत प्यायचा, मला नमस्कार करायचा आणि निघून जायचा. वैशाखात एक पेला पुरतो का कुणाला?"

"मग?"

"एका मेंढपाळानं सांगितलं. म्हणाला, 'मास्तर, तुमी पेलं लिवताय न्हवं? मग तुमच्यासमोर दुसरा भरायची लाज वाटती. मग पल्याडच्या हिरीवर जातो आमी.' दोन मैल लांबची विहीर, शलाका! माझ्या वहीपायी तहानलेली माणसं दोन मैल चालत होती. आणि मी त्यांच्या तहानेचा आलेख काढत बसलो होतो."

शलाका म्हणाली, "पण मी त्यांच्यासमोर वही धरणार नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"त्यांना कळणार नाही, मलाही कळलं नसतं. मग तू इथे का आलीस?"

सरांनी आणखी एक चिंच फोडली. मग विचारले, "त्या आजारवाल्या माणसाला काय कळवलंस?"

"त्याला कसं कळवणार? त्याचा पत्ताच नाही. आम्ही पत्ता मागतच नाही."

"म्हणूनच त्यानं ते नाव टाइप केलं." सरांनी हात पुसले. "हे बघ. तहानलेला माणूस पितो तेव्हा त्याचं तोंड वर असतं, डोळे मिटलेले असतात, गळा उघडा असतो. त्या घटकेला तो सगळ्यात दुबळा असतो. काही शोधणारा माणूसही तसाच. ज्याला आपल्या दुखण्याचं नाव बायकोसमोर उच्चारता येत नाही, तो तुझ्या दारात येऊन ते उच्चारतो. तिथं तुला उभं राहायचंय, नुसतं टिचकी ऐकायला?"

"मग मला कळणार कसं, कुणी आहे की नाही?" तिने विचारले. "सर, तीन वर्षं गेली माझी. मला पैसा नको, नाव नको. कुणीतरी वापरतंय, एवढं कळलं तरी बास. एवढी इच्छा करणं पाप आहे का?"

"पाप कसलं? मला काय होत नाही?" म्हातारा किंचित हसला. "अकरा वर्षं झाली. मागे झाकण वाजलं की मान आपोआप वळायला बघते. पाठीला डोळे फुटतील असं वाटतं. गेल्या साली एक माणूस पाणी पिऊन हुंदके देऊन रडला. कोण होता, का रडला, मला आजही माहीत नाही. अजून आठवतो."

"मग पाणी किती भरायचं, हे तरी कसं कळतं?"

"पातळी उतरली की भरतो. पण त्यातलं माणसांनी किती प्यालं आणि रांजणातून किती पाझरलं, हे सांगता येत नाही. मागे सरपंचानं स्टीलची टाकी देऊ केली. नळ, मोजपट्टी, सगळं होतं. थेंबाथेंबाचा हिशेब लागला असता. पण स्टीलचं पाणी या उन्हात चटका देतं. रांजण पाझरतो, कुठे जातं ते कळत नाही, आणि म्हणूनच पाणी गार राहतं." त्यांनी पुढची चिंच उचलली. "तुला जी ओढ लागली आहे ना, ती तुझी तहान आहे. खरी आहे. पण पाणपोई तिच्यासाठी घातलेली नाही."

शलाका वडाच्या बुंध्याकडे पाहत राहिली. मुंग्यांची एक ओळ सालीवरून वर चढत होती. तिच्या मनातली ओढ तसूभरही कमी झाली नव्हती. उलट त्या ओढीला नाव मिळाल्यामुळे ती अधिकच स्पष्ट झाली होती. अजूनही तिला हवे होते, की कुणीतरी यावे आणि म्हणावे, मी आहे, मी रोज येतो. फक्त हे मागायला आता ती लोकांच्या दारात जाणार नव्हती. शिकणे बहुधा असेच असते. दुखणे तेच राहते. आपण ते दुसऱ्याच्या माथी मारत नाही, एवढाच फरक पडतो.

तिने इम्तियाजला फोन लावला.

"त्या सात ओळी काढ."

"सातही?"

"सातही. आणि मागे जायचं बटण मोठं केलंस का?"

"केलं, बाई. आता आंधळ्यालासुद्धा दिसेल. पण शलाका, उद्या एकही माणूस उरला नाही, तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. आपण रिकाम्या घराला रंग देत बसू."

"हो," ती म्हणाली. "देत बसू."

पलीकडे गिरणीची घरघर चालूच होती. मग इम्तियाज म्हणाला, "रंग मात्र या वेळी तू निवड," आणि त्याने फोन ठेवला.

सरांनी चिंचांचा अर्धा ढीग तिच्याकडे सरकवला. ती चिंच फोडू लागली. ऊन कलायला लागले होते. मागच्या कच्च्या वाटेवरून पावले आली आणि थबकली. बांगड्या किणकिणल्या. कांदाकाढणीहून परतणाऱ्या दोघीजणी असाव्यात. एकीचा आवाज वयस्कर होता, दुसरी काहीच बोलत नव्हती. झाकण सरकले. पेला भरला, रिकामा झाला आणि लगबगीने झाकणावर ठेवला गेला.

शलाकाची मान ताठ झाली. मागे वळून पाहण्याची अनावर इच्छा तिच्या मानेतून खांद्यापर्यंत उतरली. तिने हातातली चिंच घट्ट धरली आणि डोळे बुंध्यावरच ठेवले.

तेवढ्यात तो वयस्कर आवाज, दुसरीला समजावत, हळूच म्हणाला, "आगं, घे की आजून एक. पाठ हाय त्यांची."