मागे पडणारा हात

"चुकवायचं म्हणजे नेमकं किती चुकवायचं, बुवा? एवढंच सांगा."

भिकाजीबुवांनी पानाचा डबा ओढला. अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली, तोंडात टाकली.

सर्वेश पडवीत मांडी घालून बसला होता. पुढ्यात लॅपटॉप. लहानपणी याच पडवीत बुवांनी त्याला भजनं शिकवली होती. आता तो पुण्यात कॉम्प्युटरवर संगीत करायचा. त्याचं नाव झालं होतं. बुवांच्या आवाजात अभंगांचा अल्बम काढायचं त्यानं मनावर घेतलं होतं. पखवाज मात्र कॉम्प्युटरचा.

आणि तिथंच गाडं अडलं होतं.

"यंत्राचा प्रत्येक ठोका जिथल्या तिथं पडतो, बुवा. कवायत चालल्यासारखा. मग मी मुद्दाम काही ठोके पुढेमागे केले. काही हलके, काही जोरात. तरी ऐकणारा म्हणतो, माणूस वाटत नाही. यंत्रच वाटतं, फक्त झिंगलेलं."

"माणूस चुकता कित्याक?" बुवांनी विचारलं.

"हात आहे. चुकणारच."

बुवांनी दुसरी सुपारी अडकित्त्यात धरली.

"म्हणून मी एक केलं..." सर्वेशचा आवाज खाली आला, पण त्यातली ऐट लपली नाही. "यंत्राला गुणादादाचा हात दिला."

अडकित्ता थांबला.

गुणाजी हा बुवांचा एकुलता एक मुलगा. मिसरूड फुटायच्या आधीपासून बापाच्या डाव्या अंगाला पखवाज घेऊन बसलेला. दोन वर्षांमागं साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. बुवांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, असं गाव म्हणायचं. पेटीला मात्र त्यांनी त्यानंतर हात लावला नव्हता.

"तुमच्या भजनांच्या कॅसेटी, लोकांच्या मोबाईलवरची रेकॉर्डिंगं, सगळं गोळा केलं," सर्वेश सांगत होता. "दादाचा ठोका न् ठोका तपासला. कुठं दाबतो, कुठं सोडतो. तशीच्या तशी खोड यंत्राला लावली. त्यात एक सापडलं, बुवा... राग मानू नका. अंतऱ्याच्या शेवटी दादा मागे पडायचा. समेवर उशिरा यायचा. आधी जरासाच. मग वर्षागणिक जास्त. शेवटी शेवटी हात ढिला झाला होता त्याचा."

"ढिलो?" बुवांनी मान वळवली. "माझ्या झिलाचो? माझ्या गुणाचो?"

"तपासलंय मी. दरवेळी."

"लाव."

सर्वेशनं बटण दाबलं.

पखवाज बोलू लागला. तोच भरदार घुमारा. डाव्या हाताची तीच जरा दाबून सोडलेली थाप.

सुपारीचं खांड बुवांच्या बोटांतून निसटून घरंगळत गेलं. एवढं साधेल, असं सर्वेशलाही वाटलं नव्हतं.

"मोठ्यान लाव," बुवा म्हणाले.

ते भिंतीचा आधार घेत उठले. कोपऱ्यातली पेटी ओढली, तिच्यावरचं फडकं काढलं. भात्यानं धूळ ओकली. बुवांनी सूर धरला आणि अभंग उचलला.

सर्वेश भारावून ऐकत राहिला. दोन वर्षं बंद असलेला गळा खुलत होता. बाप गात होता, मुलगा वाजवत होता...

मागच्या अंगणातून कोणीतरी धावत आलं. दारात लक्ष्मीवहिनी उभ्या राहिल्या, गुणाजीची बायको. हात भाताच्या कोंड्यानं भरलेले. त्यांनी बुवांच्या डाव्या बाजूला पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

त्या दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या.

अंतरा आला. बुवांनी ओळ वर नेली, लांबवली, आणि मध्येच त्यांचा दम तुटला. नेहमी श्वास घ्यायच्या जागेच्या कितीतरी आधी. आवाज गपकन बसला.

पखवाज पुढं गेला.

बुवांनी धापा टाकत ओळ पुन्हा पकडली आणि धावतपळत शेवटाला नेली. आणि तिथं, दम घ्यायची काहीच गरज नव्हती तिथं, पखवाज थबकला. रेंगाळला. मग उशिरानं समेवर आला.

बुवांची बोटं पेटीवर थिजली.

सर्वेशनं घाईघाईनं यंत्र थांबवलं. "थांबा बुवा, ती जागा मी बदलतो. तुम्ही फक्त सांगा, कुठं मागे घेऊ? किती घेऊ?"

बुवांनी त्याचा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती.

"हेका ईचार."

सर्वेशला आधी काहीच उमगलं नाही. मग एकदम उमगलं. वर्षागणिक ढिला होत गेलेला हात... वर्षागणिक आखूड होत गेलेला श्वास. ज्याला तो ढिलाई म्हणत होता, ते थांबणं होतं. भरल्या सभेत बापाचा दम तुटलेला कुणाला कळू नये म्हणून मुलगा थांबत होता.

"बुवा, तुम्हाला... ठाऊक होतं?"

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

"माका वाटायचा, माझो दम अजून टिकलो आसा." त्यांचा आवाज चिरकला. "माका कधी सांगूक नाय त्यान."

त्यांनी पेटीचा भाता मिटला.

मग दारातून वहिनींचा आवाज आला. त्या लॅपटॉपकडे बघत होत्या.

"बंद कित्याक केलंस रे? परत लाव."

सर्वेशचा हात आपसूक बटणाकडे गेला. बुवांनी त्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्या बोटांत एवढी ताकद असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं वर पाहिलं. बुवांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"लाव ना..." वहिनी पुन्हा म्हणाल्या.

बुवांनी सुनेकडे पाहिलं.

"नको गो बाय," ते म्हणाले. "माझो झील आज गेलो."