गाठीपर्यंत शिवेन

शिंपीण चिमणीला रात्रभर झोप नाही. मनात एकच घोर. "पान शिवून केलेलं घरटं उसवलं तर? माझी ठिपकी खाली पडली तर?"
शिवणात तिचा पहिला नंबर. पण पिल्लू पहिलंच ना!

सकाळी बघते, तर घरट्याला भोक! भोकातून ठिपकीचा एक पाय बाहेर!
शिंपिणीने पानाच्या टोकाला गाठ मारली. "या गाठीपर्यंत शिवायचं. मग झालं."
टुच! एक टाका घातला. भुर्रर्र! वाऱ्याने दोराच नेला.
"ठिपके, हलू नकोस हं!"
"नाही हलत," ठिपकी हलत हलत म्हणाली.

शिंपीण गेली टुणुक टुणुक.
"कोळीदादा, कोळीदादा, दोरा दे ना."
"देतो की! पण जाळं हलतंय. आधी वारा थांबू दे."

शिंपीण गेली टुणुक टुणुक.
"वारेदादा, वारेदादा, थांब ना.
वारा थांबला, की कोळी दोरा देईल.
दोरा आला, की गाठीपर्यंत शिवेन."
"थांबतो की! पण पाठीवर म्हातारी आहे. आधी ती उतरू दे."
म्हातारी म्हणजे रुईचं बी. पांढरं, केसाळ, तरंगणारं.

शिंपीण गेली टुणुक टुणुक.
"म्हातारीआजी, म्हातारीआजी, उतर ना.
आजी उतरली, की वारा थांबेल.
वारा थांबला, की कोळी दोरा देईल.
दोरा आला, की गाठीपर्यंत शिवेन."
"उतरते की! पण माती टणक. कंबर मोडेल गं! आधी माती मऊ होऊ दे."

शिंपीण गेली टुणुक टुणुक.
"गांडूळकाका, गांडूळकाका, माती उकर ना.
माती मऊ झाली, की आजी उतरेल.
आजी उतरली, की वारा थांबेल.
वारा थांबला, की कोळी दोरा देईल.
दोरा आला, की गाठीपर्यंत शिवेन.
मग ठिपकीला किडा भरवेन. मग तिला पंख फुटतील. मग ती उडेल. मग मांजर आलं तर? मग..."
"किडा? कोणता किडा?" गांडूळकाका आक्रसले. "अगं बाई, गाठीपर्यंतचंच सांग! मांजराचं मांजर आल्यावर बघ."
शिंपीण ओशाळली. "बरं. गाठीपर्यंतच."
"मग उकरतो की! तू जा पिल्लापाशी. बाकीचं येईल मागोमाग."

भुस भुस! माती मऊ झाली.
अलगद! आजी उतरली.
चूप! वारा थांबला.
सुळ्ळकन! कोळ्याचा दोरा खाली आला.
टुच टुच टुच! शिंपीण शिवत गेली.
गाठ आली.
शिंपीण थांबली.

भोक गेलं. ठिपकीचा पाय आत. ठिपकी आईच्या पंखात.
शिंपिणीने डोळे मिटले. आता जरा झोप.

ठिपकी म्हणाली, "आई, परत फाड ना!"